न संपणाऱ्या गाण्याची साथ

या, जरा जवळ सरका. दाराशी उभं राहून गोष्ट ऐकता येत नाही. दाराशी उभा राहणारा अर्धा बाहेरच असतो. बसा ऐसपैस. पाय पसरलेत तरी चालेल, आणि ऐकता ऐकता डोळा लागला तर मनाला लावून घेऊ नका. एक गोष्ट सांगतो, झोपेची आणि गाण्याची. ऐकायला गोड वाटतं ना? गोड नाही. सांगताना माझा आवाज चढेल, तेव्हा दचकू नका. तो तुमच्यावर नसेल.

एका गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत तिघांचं बिऱ्हाड होतं. सून कारखान्यात शिवणयंत्रावर बसे. तिचा नवरा गोदामात पाळीवर जाई. आणि सासरे, ज्यांना ती मामंजी म्हणे आणि आपणही तेच म्हणू, ते आयुष्यभर डफ वाजवत आले होते.

मिरवणुकीतला डफ नव्हे. गात-गात प्रवचन सांगणारे एक बुवा होते, त्यांच्या डाव्या हाताला मामंजी बसत. बुवांची रीत अशी की गोष्ट सुरू करायची देवाची आणि तिथून शिरायचं कुठल्या कुठे. राजाच्या महालातून न्हाव्याच्या खुर्चीवर, तिथून विहिरीत पडलेल्या मांजरीवर. ऐकणाऱ्याला वाटे, आता हे काही परत येत नाहीत. पण डफावर एक थाप पडे आणि बुवा नेमके त्या ओळीवर उतरत जिथून निघाले होते. "दिवा लावला, दार मोकळे, येई घरा तू, येई घरा." हे त्यांचं ध्रुपद, फिरून फिरून येणारी ओळ. प्रवचनात निम्मे लोक झोपत आणि बुवा रागावत नसत. म्हणत, "झोपतो तोच खरा श्रोता. मी परत येणार याचा त्याला भरवसा आहे. जागे आहेत ते संशयी."

पुढे बुवा थकले. गोष्टीच्या मध्यावर विसरू लागले. रानात शिरत आणि वाट सापडत नसे; डोळे भांबावत, सूर नुसता लांबत राही. तेव्हा मामंजी बोटांनी डफाच्या कडेवर हलकेच टकटक करत, म्हणजे इकडून या, इकडून. आणि म्हातारा माणूस त्या आवाजाचं बोट धरून ध्रुपदावर येई. सभेत कुणाला पत्ता लागत नसे. मामंजी घरी सांगत, "साथीदाराचं काम वाजवणं नाही गं सूनबाई. गाणाऱ्याला घरी आणणं हे काम. तो पोचल्याशिवाय आपण हात खाली ठेवायचा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. सुनेने ते शंभरदा ऐकलं होतं, आणि ऐन वेळी तिला ते आठवलं नाही.

बुवा गेले, डफ खुंटीवर गेला. एक दिवस मामंजी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उठवायला-बसवायला माणूस लागे, आणि घरातले दोघे दिवसभर कामावर. कारखान्यातून चादरी, अभ्रे, आजाऱ्यांचे झगे असा माल एका शुश्रूषागृहात जात असे. तिथे ओळख निघाली, जागा मिळाली. नवऱ्याचं मन तयार नव्हतं.

"बापाला माणसांच्या गोदामात ठेवायचं?" तो म्हणाला.

"मग तू रहा घरी," ती म्हणाली. "मी दोन ठिकाणी नाही बसू शकत. मला काय चार हात आहेत?"

गृह स्वच्छ होतं, खोटं कशाला बोला. लांबलचक दालन, दोन्हीकडे खाटा, पडदे धुतलेले. तिथल्या प्रमुख परिचारिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सुनेला प्रेमाने विचारलं, "ताई, आजोबांच्या सवयी काय?"

"झोप कमी आहे त्यांची," सून म्हणाली. "पण गाण्यातला माणूस आहे. गाणं लावा, मग बघा."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या जाळीमागे ध्वनिवर्धक बसवले होते, आणि भिंतीवर सुबक पाटी होती: शांत संगीत ऐका, गाढ झोपा, स्वतःच्या मनात डोकवा. "आमचा नवा उपक्रम," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर आणि रात्रभर. अगदी मंद. यानं झोप लागते आणि माणूस आपल्या आयुष्याचा विचार करतो."

सून खूश झाली. डफवाल्या सासऱ्यांना गाण्याचं छप्पर मिळालं, आणखी काय हवं? गाण्यातला माणूस म्हणजे कुठल्याही गाण्यातला माणूस, असं तिला वाटलं. ती चूक तिची. पुढच्या सगळ्याच चुका तिच्या नाहीत.

रविवारी सकाळी भेटीची वेळ असे. पहिल्या रविवारी मामंजी म्हणाले, "सूनबाई, ते गाणं संपत नाही गं."

"संपलं तर झोप मोडेल ना तुमची," ती हसून म्हणाली.

"संपल्याशिवाय झोपू कसा?"

नवरा म्हणाला, "बाबा, तुम्हाला फुकटचं गाणंही चालत नाही. बुवांनी लाडावून ठेवलंय तुम्हाला." तिघेही हसले, पण मामंजींचं हसू मध्येच थांबलं. ते जाळीकडे बघत होते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांचे डोळे लाल होते आणि गालफडं बसली होती. मनगटांभोवती तांबूस कडी उठली होती. "हे काय?" तिने विचारलं.

"बांधतात," मामंजी म्हणाले.

मोठ्या बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला जरा बाजूला घेतलं. "अंगावर उठलंय ते, मलम लावतोय. आणि असं काहीबाही बोलतात ते. या वयात स्वप्नं आणि खरं यांची सरमिसळ होते, ताई. मनावर घेऊ नका."

आणि सुनेने मनावर घेतलं नाही. ऐकताय ना? ज्या माणसाने जन्मात एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, तो सांगतोय की बांधतात, आणि घरचे मान डोलावतात परक्या बाईकडे बघून. पांढरा कडक पोशाख घातलेल्या माणसाचं आपण किती पटकन ऐकतो. खाटेवर पडलेल्या माणसाचं म्हणणं मात्र आडवं झाल्याबरोबर खोटं ठरतं.

त्याच्या आठवडाभर आधी कारखान्यात नवा माल शिवायला आला होता. बिनबोटांचे जाड हातमोजे: आत कापूस, बाहेर पलंगपोसाचं कापड, मनगटाशी पट्टा आणि पट्ट्याला बक्कल. मूठ घातली की आत सगळी बोटं एकच गोळा.

"हे कुणासाठी?" सुनेने मुकादमाला विचारलं.

"स्वतःला ओरबाडतात अशांसाठी," मुकादम म्हणाला. "अंगाची खाज असते एकेकाला. तू शिव, तुझी शिवण उसवत नाही."

ते खरं होतं. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की शेवट पक्का नसेल तर सगळी शिवण वाया. टाका संपला की ती दोरा मागे वळवून आतल्या घडीत दडवायची. बाहेरून काही दिसत नसे, पण बोटाला तिथे एक बारीकशी गाठ लागे. कारखान्यातल्या बायका तिला चिडवत, "हिची शिवण सोडवायला यमाला कातर घेऊन यावं लागेल." तिला त्याचा अभिमान होता. मोजे शिवतानाही होता.

एका दुपारी माल पोचवणाऱ्या गाडीवर माणूस कमी होता. मुकादमाने सुनेला पाठवलं. "तिथली माणसं तुझ्या ओळखीची आहेत, गठ्ठे उतरवून मोजून दे आणि ये." ती गठ्ठा काखेत मारून मागच्या दाराने शिरली. गठ्ठ्यात मोजेच होते. कोठार दालनाच्या पलीकडे होतं, आणि वाट दालनातून जात होती.

जेवणं झाली होती. पडदे ओढलेले. वरच्या जाळीतून ते संगीत पाझरत होतं, आणि तिने ते पहिल्यांदाच नीट ऐकलं, कारण सकाळच्या भेटीला ते बंद असे. पाण्याची झुळझुळ. त्यावर बासरीसारखा एक सूर, लांब, आणखी लांब. तो वर चढे आणि वाटे, आता उतरणार. उतरत नसे. तिथेच विरघळून दुसरा सूर होई आणि तोही निघे कुठेतरी. ना सुरुवात, ना शेवट. ऐकता ऐकता तिला वाटू लागलं, जिन्याची शेवटची पायरी पायाखाली येतच नाही.

मग तिला मामंजी दिसले.

ते उताणे होते, डोळे टक्क उघडे, छताच्या जाळीवर लावलेले. आणि पांघरुणावर दोन पांढरे गोळे हलत होते. जड, मुके, कापसाचे गोळे. उजवा उठे आणि पडे, उठे आणि पडे. आवाज काही येत नव्हता. कापसातून काय येणार? पट्ट्याच्या कडेला मनगट सोललं होतं. ते वाजवत होते.

तिने गठ्ठा तिथेच टाकला. खाटेशी बसून तो हात आपल्या हातात घेतला आणि तिचं बोट पट्ट्याच्या शिवणीवर गेलं. आतल्या घडीत, अगदी टोकाला, एक बारीकशी गाठ होती.

तिच्या अंगातून जे गेलं त्याला काय म्हणावं, मला सुचत नाही. तुम्हीच बघा. आपण आपल्या हातांनी, नीट निगुतीने, शेवट पक्का करून, आपल्याच माणसाचे हात शिवून टाकलेत.

"मामंजी," ती म्हणाली. "कधीपासून?"

"कोण, सूनबाई? आज रविवार आहे का?" त्यांनी मान वळवली नाही. "जरा थांब हं. गाणारा चुकलाय."

"काय?"

"वाट चुकलाय गं तो. केव्हाचा फिरतोय रानात. कुणी नाही त्याच्या बरोबर. मी खूण करतोय, त्याला ऐकू जात नाही. हे काढतेस का? मग जाईल ऐकू. त्याला तसा टाकून मी कसा झोपू?"

तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. तो पोचल्याशिवाय हात खाली ठेवायचा नाही. म्हातारा माणूस रोज दुपारी आणि रात्रभर कामावर होता. त्याला झोपवायला लावलेल्या संगीताला तो घरी आणत होता, एकटा, न थांबता, आणि ते संगीत घरी यायलाच बनवलेलं नव्हतं.

मोठ्या बाई लगबगीने आल्या. "ताई, तुम्ही आत्ता कशा? ही भेटीची वेळ नाही."

"दिसलं मला ते," सून म्हणाली. "भेटीच्या वेळेआधी काढता वाटतं हे."

"हे बघा, त्रास द्यायला कुणी करत नाही. त्यांचे हात सारखे चालतात. पलंगाच्या दांड्यावर टकटक, टकटक. शेजारच्यांची झोप जाते. आम्ही संगीत थोडं वाढवून पाहिलं, तर हात जास्तच चालायला लागले. याला अस्वस्थता म्हणतात. त्यांच्याच भल्यासाठी—"

"तुम्ही म्हणालात अंगावर उठलंय."

मोठ्या बाईंनी पडलेला गठ्ठा पायाने बाजूला सारला. मग म्हणाल्या, "संगीत लावा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. माझ्या जिभेला हाड नव्हतं. पण बांधा असं सांगितलं नव्हतं, आणि ते बांधतात म्हणाले तेव्हा त्यांना खोटं पाडा असंही नव्हतं सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही माझ्या सासऱ्यांना वेडं ठरवलंत, बाई. आणि मी ठरवू दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. ती यंत्रावर बसते तेव्हा बोलते तसंच बोलत होती, खाली बघून. "ही पाटी काय म्हणते? मनात डोकवा. हात बांधून ठेवायचे आणि मनात डोकवायला सांगायचं. मनात काय दिसणार त्यांना? हे मोजेच ना."

"हळू बोला. लोक झोपलेत."

"झोपलेत का?" सून म्हणाली. "बघा तरी एकदा."

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त टपालवाले काका होते. त्यांना कुणी भेटायला येत नसे; रविवारी ते इतरांच्या पाहुण्यांना मान हलवून रामराम करत. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण डोळे उघडे होते. त्यांच्याही हातात मोजे होते. काका झोपेत पांघरुणाच्या घड्या घालत, पत्रं लावावीत तशा, एकावर एक. त्याचंही नाव अस्वस्थताच होतं म्हणे.

सुनेच्या गळ्यात दोरे कापायची छोटी कात्री असे, कामावरची. नुसतं बक्कल सोडूनही चाललं असतं. पण सोडलेलं पुन्हा बांधता येतं. तिने आपली गाठ बोटाने शोधली, कात्रीचं टोक घडीत घातलं आणि कापली. मग सगळी शिवण ओढली, टाका न् टाका. कापूस पांघरुणावर सांडला. मग दुसरा हात. मग उठून टपालवाल्या काकांचे दोन्ही.

"हे सामान गृहाचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शिवण माझी आहे," ती म्हणाली.

संगीत चालूच होतं. "बंद करा ते," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणाल्या की ते सगळ्या दालनाचं एकत्र असतं, वरून परवानगी लागते. त्यांच्या आवाजात आता कडकपणा नव्हता, नुसता थकवा होता. त्या दालनाला त्या दुपारी त्या एकट्याच होत्या. हेही खरंच आहे, आणि ते सांगितलं नाही तर मला पाप लागेल. माणसं दोन ठेवायची तिथे एक ठेवायची आणि दुसऱ्याच्या जागी छतातून बासरी सोडायची, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते त्या दालनात कधी आडवे झालेले नव्हते.

मामंजींचे हात मोकळे झाले होते. बोटं पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात राहिल्यासारखी. त्यांनी ती पलंगाच्या दांड्यावर ठेवली आणि लगेच कामाला लावली. टकटक. इकडून ये, इकडून. डोळे जाळीवर.

आता सुनेचा आवाज म्हणजे तेल न घातलेलं यंत्र. घरात ती गुणगुणली तर नवरा खिडकी लावून घेई. म्हणे, खालचा किल्लीवाला समजेल कानस चाललीय. पण ती खाटेवर चढून बसली, मामंजींच्या कानाशी तोंड नेलं आणि गायली.

"दिवा लावला, दार मोकळे..."

बासरी एकीकडे, ही दुसरीकडे. सूर असा लागला की टपालवाल्या काकांनी कूस बदलून पाहिलं. मामंजींच्या कपाळाला आठी पडली. पण त्यांचे डोळे जाळीवरून सुटले. ते तिच्या तोंडाकडे बघू लागले, बुवांच्या तोंडाकडे बघत तसे, पुढचा शब्द ओठावर यायच्या आधी ओळखणारे. बोटं थांबली, मग वेगळी चालू लागली. आता ती शोधत नव्हती.

"येई घरा तू," ती चाचरली. पुढे सूर कुठे न्यायचा तिला कळेना. टकटक. इकडून, सूनबाई. आणि ती उतरली, वेडीवाकडी, पण उतरली. "येई घरा."

दांड्यावर एकच थाप पडली. भरीव, शेवटची.

"पोचला," मामंजी म्हणाले.

आणि त्यांनी हात खाली ठेवला. पांघरुणावर, तळवा वर करून, तसाच सोडला. वर ते संगीत वाहतच होतं, पण ते आता त्यांच्या जबाबदारीत नव्हतं. तोंड उघडं पडलं, घोरणं सुरू झालं, आणि गाडीवाला शोधत येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली, मांडीवर कापूस घेऊन.

आठवडा संपायच्या आत त्यांना घरी आणलं. नवऱ्याने पाळी बदलून घेतली. सून सकाळी जाते, तो दुपारी. डफ खुंटीवरून उतरला. संध्याकाळी मामंजी खिडकीत बसून तो मांडीवर घेतात आणि नुसता हात फिरवतात. विचारलं तर म्हणतात, जुने दिवस बघतोय. मनात डोकावणं म्हणतात ते हेच असावं, आणि त्याला पाटी लागत नाही. झोपताना एक ध्रुपद लागतं, ते सून गाते. नवरा आता खिडकी लावत नाही. "किल्लीवाल्याला सवय झालीय," म्हणतो.

कारखान्यात तिने मुकादमाला सांगितलं, "चादरी देशील त्या शिवीन, अभ्रे शिवीन. मोजे शिवणार नाही."

"तू नाही तर दुसरी शिवेल," मुकादम म्हणाला.

"शिवू दे. माझ्या हातून नाही."

मामंजींचे राहिलेले कपडे आणायला ती एकदा परत गेली. कारखान्याला सुट्टी होती, सकाळ होती, पण रविवार नव्हता, म्हणून कुणाचे मोजे काढलेले नव्हते. मामंजींच्या खाटेवर नवा कुणी आला होता. शेजारी टपालवाले काका होते, आणि त्यांच्या हातात नवे मोजे होते. तिने शिवणीवर बोट फिरवलं. आत गाठ नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी काम. तिने ते कापले. काकांनी मान हलवून रामराम केला. तिला ठाऊक होतं की ती दाराबाहेर पडायच्या आत तिसरी जोडी येईल, आणि त्यांना घरी आणायला तिच्या दोन खोल्यांत जागा नव्हती. ती तरी जाते मध्ये मध्ये, कात्री घेऊन. परवा मोठ्या बाईंनी तिला येताना पाहिलं आणि पाठ वळवून औषधं लावत बसल्या, बराच वेळ.

झाली गोष्ट. मामंजींची काळजी करू नका, ते आत्ता घोरत असतील. माझं मागणं निराळं आहे. आज अंथरुणावर पडाल, आवडतं काही लावाल, ते संपेल आणि डोळा लागायच्या आधी तुमचे हात पांघरुणावर मोकळे पडतील. तेव्हा त्या टपालवाल्या काकांची आठवण काढा. त्यांना दुसरं कुणी नाही.